मोडशी आणि पेज

पोटाच्या तक्रारींना आपल्या दोन्ही भाषांत नावांची वाण नाही. अजीर्ण, मुरडा, वायगोळा, हगवण, आमांश, पोटशूळ, आम्लपित्त ही नामावळी कोणत्याही घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून सहज ऐकावयास मिळते. त्यातच ‘मोडशी’ हा एक शब्द आहे. आज तो फार सौम्य झाला आहे. फणसाचे गरे अंमळ जास्त झाले किंवा लग्नाच्या पंगतीत आग्रहाला बळी पडलो, की मोडशी झाली म्हणावयाचे, ओव्याचे चार दाणे तोंडात टाकावयाचे आणि रात्रीचे जेवण टाळावयाचे. जो शब्द उच्चारताना आपण किंचित हसतो, त्याच शब्दाने एके काळी गोव्यातील माणसांचा थरकाप होत असे, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानी असेल.

हा शब्द मोठा प्रवासी आहे. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडून उचलला आणि त्याचे ‘मोर्देशीं’ केले. पुढे तो फ्रेंचांच्या कानी पडला, तेव्हा त्यांना त्यात आपल्याच भाषेतले शब्द ऐकू आले आणि त्यांनी त्याचे ‘मोर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे रूप करून टाकले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या शब्दाची कुळकथा दिली आहे. कोकणी-मराठीतील मोडशी हेच त्याचे मूळ असून ‘मोडणे’ या क्रियापदापासून तो आला, असे त्यात म्हटले आहे. ही व्युत्पत्ती आम्हांस मनोमन पटते. घर मोडते, संसार मोडतो, तसे सकाळी धडधाकट असलेले शरीर सायंकाळपर्यंत मोडून पडते; त्या व्याधीला याहून नेमके नाव कोणते असावे? अर्थात ही व्याधी म्हणजे पटकी, ज्याला आज आपण कॉलरा म्हणतो तीच होय.

गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकाराने १५४३ साली गोव्यात आलेल्या या साथीचे वर्णन करून ठेवले आहे. वांत्या, अंग सुकवून टाकणारी तहान, सांध्यासांध्यांत येणारे वांब आणि काळी पडणारी नखे ही सारी लक्षणे त्यात आहेत. मृतांची संख्या इतकी वाढली की प्रेतयात्रेच्या वेळी चर्चच्या घंटा वाजविण्यास गव्हर्नराने मनाई केली. घंटेच्या नादानेच लोक धास्तावून जात होते. रोगाचे कारण कळावे म्हणून एका मृताचे पोट उघडून पाहण्यात आले, तेव्हा जठर आक्रसून आगीने होरपळलेल्या कातड्यासारखे सुरकुतलेले दिसले, असे तो सांगतो. त्यानंतर वीस वर्षांनी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात याच रोगाची चर्चा आहे, आणि तीत एक गोष्ट अशी आहे की ती वाचून आम्ही क्षणभर थांबलो. येथील वैद्य रोग्यास मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज पाजीत, असे ओर्ताने नमूद केले आहे. त्याबरोबरच पायांना डाग देण्याचा उपायही तो सांगतो. पेज आणि डाग, दोन्ही उपचार एकाच पानावर शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांपैकी शहाणपणाचा कोणता, हे ठरविण्यास जगाला पुढे चारशे वर्षे लागली.

ही चारशे वर्षे आमच्या घरातूनही गेलेली आहेत. आमच्या आजोबांची एक जुनी वही आम्हांपाशी आहे. शेतीचा जमाखर्च, देवस्थानाच्या वर्गण्या आणि घरातील जन्ममृत्यू हे सारे तीत एकाच हाताने लिहिलेले आहे. गोव्यातील अनेक घरांची रीत होती तीच आमच्याही घरची: बोलावयाचे ते कोकणीत, लिहावयाचे ते मराठीत. आजोबांच्या तरुणपणातील एका श्रावणात, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने, तीन मुलांची नावे त्या वहीत आहेत, आणि प्रत्येक नावापुढे ‘मोडशीने’ हा एकच शब्द आहे. अक्षर कोठेही हललेले नाही. वरच्या ओळीत नारळांचा हिशेब आहे, खालच्या ओळीत नांगराच्या फाळाची किंमत.

वहीत जे नाही ते आजीने सांगितले. आणि तिने ते कोकणीत सांगितले. सर्वांत धाकटा चार वर्षांचा होता. तो अखेरपर्यंत शुद्धीवर होता, आणि ‘आई, उदक दी’ एवढेच म्हणत होता. पाणी देऊ नये, असा त्या काळचा दंडक होता. दिलेले पाणी पोटात ठरत नाही, उलट जुलाब वाढतात, म्हणून पोट कोरडे ठेवावे, अशी साऱ्यांचीच समजूत होती. कापसाचा बोळा भिजवून ओठांवरून फिरविण्याची मुभा तेवढी तिला होती. ‘ओंठ चोखतालो,’ असे म्हणून ती गप्प होई. आजीने कोणालाही दोष दिला नाही. आजोबांना नाही, वैद्यांना नाही, ग्रामदेवतेलाही नाही. दोष द्यावा असे तेथे कोणी नव्हतेच. मुलाच्या जिवासाठी आपापल्या परीने सर्व जण झटत होते, आणि त्या झटण्यातच पाणी बंद करणे हेही एक होते. आम्हांस या गोष्टीतले सर्वांत मोठे दुःख हेच वाटत आले आहे.

तसे पाहिले तर वडिलांची समजूत निराधार होती असे म्हणवत नाही. नुसते पाणी पाजले तर ते आतड्यात न जिरता बाहेर पडे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. निरीक्षण खरे होते. कारण ठाऊक नव्हते. ते कारण कसे उमगत गेले, तो इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्याच देशात घडलेला आहे.

१८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने एका सार्वजनिक पंपाभोवती मृत्यूंची गर्दी कशी झाली आहे, हे दाखवून हा रोग पिण्याच्या पाण्यातून पसरतो असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी याने मृतांच्या आतड्यात वळणदार जंतू पाहिले. परंतु त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्यास आला आणि १८८४ साली त्याने स्वल्पविरामाच्या आकाराचा तो जंतू वेगळा काढून दाखविला. त्याहूनही आपल्याला विचार करावयास लावणारी गोष्ट अशी, की कलकत्त्यातील एका तलावाच्या पाण्यातही त्याला तेच जंतू सापडले. काठचे लोक त्याच तलावात स्नान करीत, त्यातच कपडे धूत आणि तेच पाणी पिण्यास नेत.

जंतू सापडला, तरी माणूस मरतो कशाने, हे गूढच होते. जंतू रक्तात शिरतो, आतड्याचे अस्तर सोलून काढतो, असे नाना तर्क चालले. त्याचा उलगडा केला तो कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी, १९५९ साली. जंतू गाळून काढून टाकलेला द्रव त्यांनी सशाच्या आतड्यात घातला, आणि जंतू एकही नसताना ते आतडे पाण्याने फुगले. म्हणजे घात जंतू स्वतः करीत नव्हता. त्याने सोडलेले विष तो करीत होते. साधनांची टंचाई असलेल्या प्रयोगशाळेत झालेला हा शोध वैद्यकातील थोर शोधांपैकी आहे. परंतु डे यांना त्यांच्या हयातीत म्हणावा तसा मान मिळाला नाही.

हे विष करते काय? जठरातील आम्ल हा पोटाचा पहिला द्वारपाल. गिळलेले बहुतेक जंतू तेथेच मरतात. जे निसटतात ते लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून विष सोडतात. त्या विषाने भिंतीतील पेशींची जणू तोटीच उघडी राहते. त्या शरीरातील क्षार आतड्याच्या पोकळीत सोडू लागतात, आणि क्षारांच्या मागोमाग पाणी जाते. रोग तीव्र असला तर तासाला लिटरभर पाणीसुद्धा असे वाहून जाते. आतड्याची भिंत मात्र फाटत नाही की जळत नाही. कोर्रेयाने सांगितलेले ते होरपळलेले कातडे आगीचे नव्हते, तहानेचे होते. रोगी विषाने मरत नाही. पाणी आणि मीठ संपल्यामुळे मरतो.

मग ते परत द्यावयाचे कसे? शिरेतून देता येते. पण त्यासाठी सुई हवी, निर्जंतुक द्रव हवा, जाणता हात हवा. तोंडाने दिलेले नुसते पाणी किंवा नुसते खारे पाणी आतडे पुरेसे शोषून घेत नाही. येथे निसर्गाची एक विलक्षण सोय उपयोगी पडली. आतड्याच्या भिंतीत एक दार असे आहे की त्यातून मीठ आणि साखर यांनी जोडीनेच आत जावयाचे असते. यजमानाला जसे सपत्नीकच पूजेला बसावे लागते, तसेच काहीसे हे आहे. मिठाने साखरेचा हात धरला की दोघे आत जातात, आणि मागोमाग पाणीही जाते. हे जोडीचे तत्त्व रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडले. त्याच्याही आधी, १९५३ साली, कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे पाणी पाजून १८६ रुग्ण बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते. पटकीचे विष आतड्यातील पुष्कळ व्यवहार उलटेपालटे करते. पण या एका दाराला ते हात लावीत नाही. ज्या दाराने त्या चार वर्षांच्या मुलाला वाचविता आले असते, ते त्याच्या अखेरच्या घटकेपर्यंत उघडेच होते.

या ज्ञानाची खरी कसोटी लागली ती १९७१ साली. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, आणि सीमेवरील बनगावच्या छावण्यांत पटकीची साथ उसळली. तेथील इस्पितळाच्या फरशीवर माणसे शेजारी शेजारी पडली होती, आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या कलकत्त्यास बांधून घेतल्या, पिंपांत पाणी भरून त्यात त्या विरघळविल्या आणि पिंपांना तोट्या बसविल्या. लिटरभर पाण्याला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा एवढीच ती कृती. पाजावयाचे काम कोणी केले? रोग्यांच्या आयांनी, बहिणींनी, भावांनी. आधी शंभरांतील सुमारे तीस रोगी दगावत होते. ते प्रमाण चारांच्याही खाली आले. हा या शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा आशयाचे उद्गार ‘लॅन्सेट’ने १९७८ साली काढले. महालनबीस २०२२ साली निवर्तले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आता पेजेकडे वळू. आपल्याकडे उकड्या तांदळाच्या पेजेचे वेगळे कौतुक करण्याचे कारण नाही. ती आहे म्हणून आपण आहोत. परंतु आतड्याच्या त्या दाराची गोष्ट कळल्यावर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तांदळातील पिष्ट पचले की त्याची साखरच होते, आणि पेजेत मीठ असतेच. म्हणजे ती जोडी पेजेत मुळातच आहे. ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ शिजवून केलेल्या क्षारपाण्याचे प्रयोग ढाक्यास आणि इतरत्र झाले, तेव्हा पटकीच्या रोग्यांत जुलाबाचे प्रमाण त्याने अधिक कमी होते असे आढळले. ओर्ताच्या काळच्या वैद्यांना हे दार ठाऊक नव्हते. तरी त्यांची पळी योग्य भांड्यात होती.

पेजेच्या महतीचा आणखी एक धागा आहे, आणि तो आपल्याला मोठ्या आतड्यात घेऊन जातो. तेथे जंतूंची वस्तीच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, म्हणजे जवळजवळ शरीराच्या स्वतःच्या पेशींइतकेच, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि त्यांतील बहुतेक सारे मोठ्या आतड्यात राहतात. हे शत्रू नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या वाड्यात राहणाऱ्या कुळांसारखे ते आहेत. आपण न पचविलेले अन्न ते आंबवितात, काही जीवनसत्त्वे तयार करतात, आणि जागा अडवून बसल्यामुळे परक्या जंतूंना सहजासहजी थारा मिळू देत नाहीत. लहान आतड्यात न पचलेले काही पिष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचते, तेव्हा ते त्यापासून सौम्य आम्ले बनवितात, आणि ही आम्ले मोठ्या आतड्याला मीठ व पाणी शोषून घेण्यास मदत करतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी क्षारपाण्यात असे चिवट पिष्ट घालून पटकीच्या रोग्यांना दिले, तेव्हा जुलाब कमी झाले आणि लवकर थांबले. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. प्रयोगात त्यांनी मक्याचे पिष्ट वापरले होते. परंतु शिजवून निवविलेल्या भातातही अशा चिवट पिष्टाचा अंश वाढतो. म्हणजे लहान आतड्यात शत्रूने तोटी उघडी टाकली असता मोठ्या आतड्यातील ही कुळे धन्याचे वाहून जाणारे पाणी अडवून धरतात. जंतू म्हटला की मारावयाचा, एवढेच ज्यांनी शिकून ठेवले आहे, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. साध्या जुलाबावर मनाने प्रतिजैविकाच्या गोळ्या घेणारा गृहस्थ चोरासाठी लावलेल्या सापळ्यात घरच्याच माणसांना पकडतो.

परंतु पेजेची थोरवी गाताना तिचा देव करू नये. घरच्या पेजेतील मीठ हाताच्या अंदाजाने पडते, आणि अंदाज चुकू शकतो. जुलाब मोठे असतील तर मोजून बनविलेली पुडीच हवी. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडले, की मग पेजही नको आणि चर्चाही नको. क्षारपाणी पाजीत तडक इस्पितळच गाठावे. आजचा विवेक आजीच्या भांड्याला मान देतो, पण माप स्वतःचे वापरतो.

आता देवळाविषयी चार शब्द. कारण हे लिहिण्यामागे तोच हेतू आहे. आमच्या परिसरातील एका देवस्थानात काही वर्षांपूर्वी महाप्रसादानंतर दुसऱ्या दिवशी घरोघर माणसे आडवी झाली. कोणी म्हणाले, उत्सवात काही न्यून राहिले. कोणी बाहेरून आलेल्या आचाऱ्याला बोल लावला. पाणी तपासून घेतले तेव्हा विहिरीत मैला झिरपत असल्याचे दिसून आले. वरच्या अंगाला यात्रेकरूंसाठी नवे शौचालय बांधले होते, त्याचा खड्डा विहिरीच्या फार जवळ होता. स्वयंपाक सोवळ्यात झाला होता, आणि त्यात कोणतीही कसूर नव्हती. सोवळे हे मनाला देवासमोर उभे राहण्यास योग्य करते. पाण्यातील जंतूला ते दिसत नाही. या दोन शुद्धी वेगवेगळ्या आहेत. एक पाळली म्हणून दुसरी आपोआप पाळली जात नाही. पुढील उत्सवाच्या बैठकीत तीर्थाचे आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे काय, असा प्रश्न निघाला, आणि बरेच जण घुटमळले. तेव्हा वृद्ध भटजी शांतपणे म्हणाले, ‘देव कित्याक ना म्हणटलो?’ त्यानंतर कोणी बोलले नाही. पाणी उकळले गेले, आणि वाढप्यांच्या हातांसाठी साबण ठेवला गेला.

देवळाची तळी ही आमच्या डोळ्यांना आणि मनाला सुख देणारी गोष्ट आहे. तिच्या पायऱ्यांवर बसून आम्ही कितीतरी संध्याकाळी घालविल्या आहेत. ती तशीच राहावी, तिच्यात दिवे सोडले जावेत. परंतु कॉखने जे कलकत्त्याच्या तलावात पाहिले ते स्मरून, पिण्याचे पाणी तिच्यापासून निराळे राखावे, एवढेच आमचे मागणे आहे. पटकी हा इतिहासजमा झालेला रोग नव्हे. १९६१ साली इंडोनेशियातून निघालेली तिची सातवी जागतिक साथ अद्याप संपलेली नाही. आणि पटकीचे नाव घेतले नाही तरी पोटाच्या संसर्गाने लहान मुले आजही दगावतात; ‘पोटाला विश्रांती हवी’ म्हणून त्यांचे पाणी आणि अंगावरचे दूध बंद करणारी घरे आजही आहेत. आजीच्या काळी तिला कोणी सांगणारे नव्हते. आज सांगणारे असताना गप्प राहणे योग्य नाही.

म्हणून येत्या जत्रेच्या आधी प्रत्येक देवस्थानाने तीन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो. विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. कचेरीच्या कपाटात क्षारपाण्याच्या पुड्या ठेवाव्यात. त्या स्वस्त आहेत आणि कोठेही मिळतात. आणि जेथे पूजेचे दरपत्रक लावलेले असते, तेथेच, तेवढ्याच ठळक अक्षरांत, मराठीत आणि कोकणीत, एक कृती लिहावी: उकळून निवविलेले पाणी एक लिटर, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ; चमचा लहान, चहाचा; पुडी हाताशी नसेल तेव्हा हे करावे; जुलाब होणाऱ्याला हे घोट घोट पाजीत राहावे; ओकला तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे; तान्ह्याचे दूध बंद करू नये; आणि तो पाणी मागेल तेव्हा त्याला नाही म्हणू नये.